शिक्क्याचे अर्थकारण

(मोहाडी येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

धानाचा भाव, मामा तलावांतील गाळ, आंधळगावच्या विणकरांची मजुरी असे जिवंत प्रश्न समोर असताना या अभ्यासवर्गात नोटरीच्या कायद्यासारखा रुक्ष विषय का घ्यावा, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. तो रास्त आहे. परंतु ज्या कार्यकर्त्याने तहसील कचेरीच्या आवारात एखाद्या शेतमजुराबरोबर एक दिवस काढला आहे, त्याला या विषयाची ओळख करून देण्याची गरज नाही. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, वारसनोंद, निराधार योजनेचा अर्ज, मुलाच्या नावातील चूक, हरवलेली शिधापत्रिका अशा प्रत्येक वळणावर त्याला एक कागद, त्यावर एक मुद्रांक आणि त्याखाली एक शिक्का लागतो. सामान्य माणसाचा आणि शासनसंस्थेचा प्रत्यक्ष संबंध विधानसभेत येत नाही. तो अर्जनवीसाच्या टेबलापाशी येतो. त्या टेबलावर होणारी देवघेव हीदेखील एक राजकोषीय व्यवस्थाच आहे. तिला जमेची बाजू आहे, खर्चाची बाजू आहे, आणि भार कोणावर पडावा व सूट कोणाला मिळावी याचा एक अलिखित नियमही आहे. तो नियम उघड करून पाहणे हा आजचा उद्देश.

फुकटचा अधिकारी

नोटरी ही संस्था आपल्याकडे व्यापाराच्या वाटेने आली. परदेशी व्यापारातील हुंडी नाकारली गेली की त्या नकाराची अधिकृत नोंद करणे हे तिचे मूळ काम होते. इंग्रजी अमलात हिंदुस्थानातील नोटरींच्या नेमणुका इंग्लंडमध्ये, कँटरबरीच्या आर्चबिशपच्या अखत्यारीतील एका न्यायासनाकडून होत असत. १८८१ च्या परक्राम्य संलेखांच्या कायद्याने येथील सरकारलाही नेमणुकीचा अधिकार दिला. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली संसदेने स्वतंत्र नोटरी कायदा केला आणि १४ फेब्रुवारी १९५६ पासून तो अमलात आला. या कायद्याच्या ८ व्या कलमाने दस्तऐवजाची खातरजमा करणे, तो साक्षांकित करणे, शपथ देणे, शपथपत्र घेणे ही कामे नोटरीकडे सोपविली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १३९ व्या कलमानुसार न्यायालय व दंडाधिकारी यांच्याप्रमाणेच नोटरीपुढे केलेले शपथपत्रही ग्राह्य धरले जाते. म्हणजे नोटरी हा खासगी व्यवसाय करणारा वकील असला तरी शिक्का उमटविताना तो सार्वजनिक सत्ता वापरीत असतो.

आता या व्यवस्थेचा हिशेब पाहू. नोटरीला सरकारी पगार नाही. नियमांनी ठरवून दिलेले शुल्क त्याने पक्षकाराकडून घ्यावयाचे असते. शासनाला व्यवसाय-प्रमाणपत्राचे व नूतनीकरणाचे शुल्क मिळते आणि दस्तऐवजावरील मुद्रांकाचे व नोटरी तिकिटाचे पैसे मिळतात. खर्चाच्या बाजूला जवळजवळ काहीच नाही. कचेरी नोटरीची, कारकून नोटरीचा, नोंदवहीदेखील नोटरीच्याच ताब्यात. अर्थखात्याला असा अधिकारी फुकटचा वाटला तर नवल नाही. परंतु फुकटचा अधिकारी जगात कोठेच नसतो. त्याचा पगार कोणीतरी देतच असते. सरकारी हिशेबात जो खर्च दिसत नाही तो नाहीसा झालेला नसतो, तो केवळ दुसऱ्याच्या खिशात ढकललेला असतो. कोणाच्या खिशात, हे आपण बाबवार पाहू.

पहिली बाब : मुद्रांकाचा भार

महाराष्ट्राच्या तिजोरीत मुद्रांक व नोंदणी या मार्गाने वर्षाला ५० हजार कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न येते. राज्याच्या स्वतःच्या कर-उत्पन्नातील मोठ्या स्रोतांपैकी हा एक आहे. यातील फार मोठा भाग मुंबई-पुण्याकडील घरांच्या व जमिनींच्या खरेदीविक्रीतून येतो आणि तो तसा यावा याला आपला विरोध असण्याचे कारण नाही. ज्याची मालमत्ता मोठी त्याने मोठा कर द्यावा हे तत्त्व आपलेच आहे. प्रश्न आहे तो सपाट मुद्रांकाचा. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी काढलेल्या अध्यादेशाने ज्या दस्तांना पूर्वी १०० किंवा २०० रुपयांचा मुद्रांक लागत असे, त्यांतील अनेकांसाठी तो एकदम ५०० रुपये करण्यात आला. शपथपत्र, किरकोळ करारनामा, वडिलोपार्जित मिळकतीचे हक्कसोडपत्र हे दस्त त्यात आले. कोट्यधीशाचा करारनामा आणि मजुराचे शपथपत्र यांना एकच दर लागू झाला.

२०२५-२६ या वर्षी महाराष्ट्रातील रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे एका मुद्रांकासाठी मजुराचे दीड दिवसाहून अधिक काम खर्ची पडते. एका कुटुंबाला वर्षात असे तीन कागद करावे लागले तर जवळजवळ पाच दिवसांची मजुरी केवळ मुद्रांकात गेली. त्यात नोटरीचे शुल्क नाही, टंकलेखन नाही, वैनगंगेपलीकडच्या करडी परिसरातून मोहाडीला येण्याजाण्याचे भाडे नाही आणि बुडालेला रोजही नाही. धान कापणीच्या दिवसांत बुडालेला रोज म्हणजे काय, हे या तालुक्यात कोणाला सांगावयास नको.

यावर शासनाचे उत्तर असे की, सरकारी कामासाठीच्या शपथपत्रांना मुद्रांकाची माफी आहे. ते खरे आहे. १ जुलै २००४ च्या अधिसूचनेने जात, उत्पन्न, रहिवास, राष्ट्रीयत्व आदी दाखल्यांसाठी आणि शासकीय कार्यालये व न्यायालये यांच्यापुढे करावयाच्या शपथपत्रांसाठी हे शुल्क माफ केलेले आहे. त्याही पुढे जाऊन ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने शपथपत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतीऐवजी स्वतः साक्षांकित केलेली प्रत स्वीकारावी असे ठरविले. असे असूनही २०२५ साली महसूलमंत्र्यांना विद्यार्थ्यांच्या व नागरिकांच्या शपथपत्रांना ५०० रुपयांचा मुद्रांक मागू नये, साध्या कागदावरचा अर्ज घ्यावा, असे पुन्हा जाहीर करावे लागले. जी माफी २१ वर्षांपूर्वी दिली होती ती पुन्हा द्यावी लागते, याचाच अर्थ ती मधल्या काळात खिडकीपर्यंत पोहोचलेली नव्हती. या २१ वर्षांत माफ असलेला मुद्रांक विकत घेऊन लोकांनी जे पैसे भरले ते तिजोरीच्या जमाखाती आहेत. परंतु त्या जमेमागे कोणताही कायदा नव्हता, होते ते केवळ गरिबाचे अज्ञान आणि खिडकीमागच्या माणसाची बेफिकिरी.

दुसरी बाब : खोटा दिलासा

मित्रहो, यापेक्षा गंभीर खर्च वेगळाच आहे. शिक्का उमटला की कागद पक्का झाला, अशी आपल्या समाजात दृढ समजूत आहे. वस्तुतः नोटरीचा शिक्का एवढेच सांगतो की, अमुक माणसाने अमुक दिवशी माझ्यापुढे या कागदावर सही केली. कागदातील मजकूर खरा आहे किंवा त्यामुळे हक्क निर्माण झाला, असे तो सांगत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार आणि १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार १०० रुपये व त्यावरील किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच व्हावी लागते. सर्वसाधारण मुखत्यारपत्र, विक्रीचा करार आणि मृत्युपत्र यांची मोट बांधून केलेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. तरीही तालुक्यातालुक्यांत प्लॉटचे तुकडे 'नोटरी करून' विकले जातात आणि विकत घेतले जातात.

याचे खापर केवळ अज्ञानावर फोडणे अन्यायाचे होईल. १९४७ चा तुकडेबंदी कायदा प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याच्या खरेदीविक्रीला आडवा येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे ठरले. ज्या मजुराला झोपडीपुरते दोन-चार गुंठे हवे आहेत त्याला रजिस्ट्रीचा दरवाजा बंद होता, म्हणून तो नोटरीच्या दाराशी गेला. समजा, त्याने बारा वर्षांपूर्वी आयुष्याची कमाई देऊन असा तुकडा घेतला. कागदावर मुद्रांक आहे, दोन साक्षीदार आहेत, नोटरीचा लाल शिक्का आहे. सातबाऱ्यावर मात्र विकणाऱ्याचेच नाव. पुढे विकणारा वारला, वारसांनी हात वर केले किंवा जमिनीचा भाव वाढताच तोच तुकडा त्यांनी दुसऱ्याला रीतसर दस्ताने विकला, तर या माणसाच्या हाती उरतो तो केवळ कज्जा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये शासनाने अध्यादेश काढून निवासी क्षेत्रातील अशा जुन्या तुकड्यांचे व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याची आणि नोंदणी न झालेल्या व्यवहारांना मुद्रांक शुल्क भरून दस्त करून घेण्याची वाट मोकळी केली. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु या वाटेवर चालताना त्या मजुराला आपला जुना व्यवहार दाखवावा लागेल, आणि त्याचा पुरावा म्हणजे तोच नोटरीचा कागद. तो कागद पावसात भिजला असेल, हरवला असेल किंवा समोरचा माणूस तो बनावट म्हणत असेल, तर खरे-खोटे ठरणार नोटरीच्या नोंदवहीवरून. नोंदणीकृत दस्ताची सूची क्रमांक दोन कोणालाही पाहता येते. नोटरीच्या नोंदवहीला तशी सार्वजनिक सूची नाही. नोटरी निवृत्त झाला, गाव सोडून गेला किंवा वारला, की ती वही शोधत फिरणे हेच त्या माणसाचे काम होऊन बसते. आधुनिकीकरण हवे आहे ते नेमके येथे.

हाच खोटा दिलासा स्त्रियांच्या वाट्याला अधिक क्रूरपणे येतो. मुद्रांकाच्या कागदावर लग्न लावणे, मुद्रांकाच्या कागदावर सोडचिठ्ठी लिहून घेणे आणि त्यावर शिक्का उमटवून ते कायदेशीर झाल्याचे सांगणे हे प्रकार इतके वाढले की, ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या विधी व्यवहार विभागाला, विवाहाचे वा घटस्फोटाचे दस्त करण्याचा नोटरीला अधिकार नाही असे लेखी बजावावे लागले. अशा कागदावर सही किंवा अंगठा देऊन घराबाहेर पडलेल्या बाईला आपण अजूनही कायद्याने पत्नी आहोत आणि पोटगीचा हक्क आपल्याला आहे, हे कोण सांगणार?

तिसरी बाब : न्यायालयाचा खर्च आणि बुडालेला महसूल

अशा प्रत्येक कच्च्या कागदातून एक पक्का दावा जन्माला येतो. दिवाणी न्यायालयाचा न्यायाधीश, कर्मचारी, इमारत यांचा खर्च शासन करते. म्हणजे नोटरी व्यवस्थेवर जो पैसा शासनाने वाचविला, तोच पुढे न्यायव्यवस्थेवर खर्च होतो. फरक इतकाच की तोवर दोन्ही पक्षकार कंगाल झालेले असतात. शिवाय उत्पन्नही बुडते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार भाड्याचा करार, मग तो अकरा महिन्यांचा का असेना, लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे व त्याची जबाबदारी घरमालकावर आहे. तरीही शहरोशहरी घरमालक नोटरीच्या कागदावर काम भागवितात. शासनाचे नोंदणी शुल्क जाते, भाडेकरूचे संरक्षण जाते, घरमालकाची सोय तेवढी होते. मजुराच्या शपथपत्रापाशी दक्ष असलेली यंत्रणा घरमालकाच्या करारापाशी डोळे मिटते, ही विसंगती वर्गीय आहे असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

यंत्रणेच्या ढिलाईची किंमत किती मोठी असू शकते याचा धडा आपल्याच राज्याने एकदा घेतला आहे. मुद्रांकाच्या छपाईचे व वितरणाचे जुने, गलथान तंत्र वर्षानुवर्षे चालू राहिले आणि त्याच्या आडून अब्दुल करीम तेलगीने बनावट मुद्रांकांचा अनेक राज्यांत पसरलेला धंदा उभा केला. २००१ मध्ये त्याला अटक झाली, २००७ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने शिक्षा सुनावली. ई-मुद्रांकासारख्या पद्धतींना जोर आला तो त्यानंतर. सुधारणेवरचा खर्च आधी टाळला की तो पुढे कित्येक पटींनी करावा लागतो, हे त्या प्रकरणाचे तात्पर्य.

आपल्याच इतिहासातील दोन दाखले

साध्या माणसाच्या कागदाची जबाबदारी शासनाने घ्यावी ही कल्पना परकी नाही, नवीही नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जरोखे जाळले. रोख्यात काय लिहिले आहे हे कुळाला कळत नसे, कोऱ्या कागदावर अंगठा घेतला जाई, परतफेडीची पावती मिळत नसे. त्या उठावानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्यात एक प्रकरण ग्राम-निबंधकांचे होते. शेतकऱ्याने करून द्यावयाचा रोखा ग्राम-निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा आणि त्याच्यासमोर त्यावर सही व्हावी, अन्यथा तो ग्राह्य धरू नये, असे त्याचे सूत्र होते. परकीय सरकारलाही शेतकऱ्याच्या दारापर्यंत सार्वजनिक नोंद नेणे भाग पडले, कारण तसे न केल्याचा खर्च दंग्याच्या रूपाने त्याच्यापुढे उभा राहिला होता. पुणे, सातारा, नगर, सोलापूर या जिल्ह्यांसाठी तो कायदा होता. मालगुजारीखाली असलेल्या आपल्या भंडाऱ्याला त्याचा स्पर्श झाला नाही. पुढे तो कायदाच राहिला नाही, पण त्यातील विचार आजही जुना झालेला नाही.

दुसरा दाखला गोव्याचा. पोर्तुगीज कायद्याच्या परंपरेत नोटरी हा केवळ सहीचा साक्षीदार नसतो. तो दस्त तयार करतो, त्याची मूळ प्रत आपल्या दप्तरी जपतो आणि पक्षकाराला प्रमाणित नक्कल देतो. १९६१ च्या मुक्तीनंतर गोव्यात ही कामे सरकारी उपनिबंधकाकडे राहिली. गोवा विधानसभेने केलेला वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही यांविषयीचा २०१२ चा कायदा २२ डिसेंबर २०१६ पासून अमलात आला आणि त्याने जुन्या पोर्तुगीज तरतुदींची जागा घेतली. नोटरी कायद्याच्या आधुनिकीकरणाचे मराठी मुलखाशेजारचे हे खरेखुरे उदाहरण होय. वारसाहक्काचा दस्त, मृत्युपत्र यांसारखे कागद तेथे विशेष नोटरीपुढे, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यापुढे होतात. शुल्क तिजोरीत जाते आणि दप्तर शासनाचे राहते. गंमत अशी की, खुद्द पोर्तुगालने २००४ मध्ये आपल्याकडील सरकारी नोटरी व्यवस्था खासगी व्यावसायिकांच्या हाती देण्याचा निर्णय घेतला, तर गोव्याने ती सरकारकडे ठेवून नवी केली.

गोव्याची व्यवस्था निर्दोष आहे असे मी सुचवीत नाही. जुन्या दप्तरातील दस्तांशी छेडछाड करून जमिनी बळकावल्याच्या तक्रारी तेथे इतक्या झाल्या की २०२२ साली विशेष तपास पथक नेमावे लागले. सरकारी कपाटात ठेवले म्हणजे कागद सुरक्षित झाला असे नव्हे. त्याची सूची लोकांना खुली असली पाहिजे आणि नक्कल दोन ठिकाणी असली पाहिजे, एवढा धडा त्यातून घ्यावा.

आजवरचे आधुनिकीकरण कोणासाठी?

केंद्र सरकारने या क्षेत्रात काहीच केले नाही असे नाही. १९९९ च्या दुरुस्तीने व्यवसाय-प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. २०२१ च्या अखेरीस दुरुस्ती विधेयकाचा मसुदा निघाला. त्यात कोणाही नोटरीची एकूण कारकीर्द १५ वर्षांपुरती मर्यादित करावी असा प्रस्ताव होता. वकील संघटनांनी विरोध केला आणि मसुदा मागे पडला. ३ सप्टेंबर २०२४ रोजी नोटरी पोर्टल सुरू झाले. नेमणुकीचा अर्ज, पात्रतेची छाननी, डिजिटल सहीचे प्रमाणपत्र, नूतनीकरण ही कामे त्यावर होतात. हे सर्व उपयुक्त आहे. परंतु या यादीकडे नीट पाहा. यातील प्रत्येक सुधारणा नोटरी आणि सरकार यांच्यातील व्यवहार सोपा करणारी आहे. नोटरी आणि नागरिक यांच्यातील व्यवहार होता तेथेच आहे. भित्तीवर दरपत्रक नाही, नोंदवहीला सूची नाही, आणि तक्रारीची वाट तर कायद्यानेच अरुंद केली आहे. १३ व्या कलमानुसार, कामाच्या संदर्भात नोटरीने केलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाला केवळ सरकारने अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरूनच घेता येते. फसलेल्या माणसाला थेट दार ठोठावता येत नाही.

आपल्या मागण्या आणि त्यांचा हिशेब

मागणी करताना पैसा कोठून येणार हे सांगण्याची जबाबदारी समाजवादी कार्यकर्त्याने टाळू नये. म्हणून प्रत्येक मागणीबरोबर तिचा हिशेबही मांडतो.

पहिली मागणी : अनावश्यक शपथपत्रे बंद करावीत. सरकारी कामासाठीच्या शपथपत्रांना मुद्रांक माफच आहे, तेव्हा ती रद्द केल्याने तिजोरीचे कायदेशीर उत्पन्न एका रुपयानेही घटत नाही. स्वयंघोषणेने लबाडी वाढेल असा आक्षेप घेतला जातो. २०२४ मधील लाडकी बहीण योजनेत शासनाने हमीपत्रावर विश्वास ठेवला आणि २०२५ च्या छाननीत अपात्र लाभार्थी, इतकेच काय पुरुषही आढळले, हे त्याचे उदाहरण म्हणून सांगतात. परंतु ते अपात्र सापडले कसे? इतर नोंदींशी ताडून पाहिल्यामुळे. नोटरीच्या शिक्क्याने ते सापडले नसते, कारण नोटरी मजकुराची शहानिशा करीतच नाही. लबाडी पकडते ती तपासणी. तपासणीवर खर्च करावा, शिक्क्यावर नको.

दुसरी मागणी : तालुक्याच्या ठिकाणी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सार्वजनिक नोटरीची खिडकी असावी. कायद्याच्या ३ ऱ्या कलमात वकिलांबरोबरच विहित पात्रता असलेल्या अन्य व्यक्तींची नेमणूक करण्याची मुभा आहे. इमारत, संगणक आणि दप्तरखाना आज तेथे आहेतच. वाढीव खर्च आहे तो विधिज्ञ अधिकाऱ्याचा व एका लिपिकाचा. ऐपतदार पक्षकाराने पूर्ण शुल्क द्यावे, भूमिहीन, निराधार आणि विद्यार्थी यांना ते माफ असावे. आज खासगी खिशात जाणारे शुल्क तिजोरीत येईल आणि त्यातून खिडकीचा बराचसा खर्च निघेल. उरलेली तूट शासनाने सोसावी. शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरील नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतलाच ना? कारण महाग नोंदणीपेक्षा स्वस्त नोंदणीने तंटे कमी होतात, हे शासनालाही पटलेले आहे.

तिसरी मागणी : नोटरीच्या प्रत्येक नोंदीचा क्रमांक, दिनांक, पक्षकारांची नावे आणि दस्ताचा प्रकार यांची सूची राज्याच्या दप्तरात त्याच आठवड्यात जावी आणि कारकीर्द संपलेल्या नोटरीच्या वह्या जिल्ह्याच्या ठिकाणी जमा व्हाव्यात. त्याचा खर्च नोटरी तिकिटाच्या उत्पन्नातील हिश्शातून व्हावा. ज्या शिक्क्यातून पैसा येतो त्याच शिक्क्याची नोंद जपण्यासाठी तो खर्चणे न्याय्य आहे.

चौथी मागणी : सपाट मुद्रांकाऐवजी किमतीच्या प्रमाणात चढता मुद्रांक असावा, लहान करारांचा दर कमी आणि मोठ्यांचा अधिक. तिजोरीला तोटा होणार नाही, भार मात्र योग्य खांद्यावर जाईल.

पाचवी मागणी : स्थावर मिळकतीच्या प्रत्येक नोटरी कागदावर ठळक मराठीत छापलेले असावे की, हा दस्त नोंदणीकृत नाही आणि याने मालकी मिळत नाही. या सुधारणेला शाईपलीकडे खर्च नाही. त्याचबरोबर १३ वे कलम सुधारून फसलेल्या नागरिकाला तक्रारीचा हक्क द्यावा.

एक आक्षेप

या मागण्यांमुळे तालुक्याच्या वकिलांचे पोट मारले जाईल, असे म्हटले जाईल. हा आक्षेप हलक्याने घेऊ नये. आपल्या जिल्ह्याच्या सातही तालुक्यांत असा तरुण वकील आहे की ज्याला मोठे दावे मिळत नाहीत आणि जो शेतकऱ्याच्या मुलांपैकीच आहे. परंतु आजची व्यवस्था त्याला तरी काय देते? सर्वसाधारण वकिलाला दहा वर्षे आणि मागासवर्गीय व महिला वकिलांना सात वर्षे व्यवसाय केल्याशिवाय नोटरी होता येत नाही. सार्वजनिक खिडकीवर याच तरुणांना मानधनावर नेमता येईल. गरिबाच्या अनावश्यक कागदावर वकिलाने जगावे, यात वकिलाचाही सन्मान नाही.

मित्रहो, शासनापुढे मागण्या ठेवण्याइतकेच आपले स्वतःचे काम महत्त्वाचे आहे. येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गावशाखेने तीन गोष्टी कराव्यात. २००४ ची अधिसूचना, २०१५ चा शासन निर्णय आणि २०२५ चा आदेश यांच्या प्रती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात आणि माफ असलेला मुद्रांक कोणी मागितल्यास मागणी लेखी द्या असा आग्रह धरावा. गावात नोटरीच्या कागदावर घेतलेले तुकडे किती आहेत याची नोंद करून त्या कुटुंबांना नव्या तरतुदीखाली दस्त करून घेण्यासाठी सोबत करावी. विकणारा हयात आहे तोवरच हे काम सोपे आहे, हे त्यांना पटवून द्यावे. आणि मुद्रांकाच्या कागदावर सोडलेल्या बायकांना विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलापर्यंत पोहोचवावे. ही कामे लहान दिसतात. पण ज्या मजुराच्या नावे दोन गुंठे सातबाऱ्यावर चढतील, त्याला त्या दिवसापासून आपल्या अंगणातून कोणी उठवू शकणार नाही. त्याच्या त्या निर्धास्तपणाचा खर्च शासनाने उचलावा, एवढेच आपले म्हणणे आहे, आणि ते पदरात पडेपर्यंत आपण स्वस्थ बसणार नाही.